शंभर स्तोल आणि दहा मासी

"स्तोल! स्तोल! स्तोल!"

स्तोयांकाबाई ओरडत होत्या. आवाज असा, की मलिहाच्या वाळवंटात दोन टेकड्यांपलीकडे रवंथ करत बसलेले उंट माना वर करून आमच्याकडे बघायला लागले. त्यातला एक तर उठून शारजाच्या दिशेने चालता झाला. दोन टेकड्यांपलीकडचं मला कसं दिसलं हे विचारू नका. माणूस संकटात असला की त्याला लांबचं दिसतं.

मी शांतपणे ट्रककडे हात केला. ट्रकमध्ये शंभर टेबलं होती. सहा फुटी, पांढरी, दुमडत्या पायांची, आदल्या दिवशीच धुऊन लख्ख केलेली.

"स्तोल," मी म्हणालो. "पूर्ण शंभर, मादाम. मोजून घ्या."

बाईंनी ट्रकमध्ये पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वर आकाशाकडे पाहून देवाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मग त्या वेगळाच शब्द ओरडायला लागल्या, "मासी? मासी?"

इथे माझा चेहरा खुलला. या बाबतीत मी पक्का होतो. आमचे ड्रायव्हर खानसाहेब, पेशावरकडचे, सहा फूट तीन इंच. त्यांना हाक मारली, "खानसाब, वो बर्फवाला डिब्बा लाओ." खानसाहेबांनी थर्मोकोलची पेटी आणून बाईंच्या पायाशी ठेवली आणि झाकण उचललं. आत दहा हमूर मासे, एकेक माझ्या कोपरापर्यंतचा, बर्फावर ओळीने निजलेले. दुबईत देराच्या मासळी बाजारात सकाळी जाऊन मी स्वतः गाल उचकटून लाल कल्ले बघून घेतलेले.

"मासी," मी म्हणालो. "दहा."

बाई ओरडायच्या थांबल्या. मला या धंद्यात वीस-बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक ओरडत असतं तोवर काळजी नसते. ते गप्प झालं की समजायचं, आता काहीतरी खरं बिघडलंय.

आधी धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी मासे विकतो. आमची कंपनी लग्नं, वाढदिवस, ऑफिसांच्या पार्ट्या यांना बसायचं सामान भाड्याने देते. गोडाऊन हमरिया फ्री झोनमध्ये. एका बाजूला पाइपवाला, दुसऱ्या बाजूला तेलवाला आणि मधे आमच्या खुर्च्यांचे डोंगर. मी तिथला सुपरवायझर. म्हणजे मालक फोनवर, पोरं ट्रकवर आणि मधला सगळा संसार माझ्या डोक्यावर.

तुम्हाला खुर्ची म्हणजे चार पाय आणि एक पाठ वाटत असेल. माझ्या डोळ्यांनी बघा. सोनेरी बारीक दांड्यांची नाजूक खुर्ची असते, तिच्यावर नवरी शोभते आणि नवरीचा मामा बसला की ती कुरकुरते. हॉटेलातली गादीवाली असते, ती एकावर एक दहा चढते. हिरवळीसाठी पांढरी, दुमडती. वाळूचं गणित मात्र वेगळं. पाहुणा टेकला की मागचे दोन पाय वाळूत जातात आणि पाहुण्याचं तोंड चांदण्यांकडे होतं. एका कंपनीच्या पार्टीत मोठ्या साहेबांचं भाषण चालू असताना अख्खी पहिली रांग अशी हळूहळू मागे कलंडली. साहेबांना वाटलं, आपल्या विनोदाला लोळतायत. त्यांनी तोच विनोद परत सांगितला.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एका अरबी गृहस्थांनी मुलाच्या लग्नात आपल्या ससाण्यासाठी वेगळी खुर्ची मागितली. कव्हर पाहिजे, मागे रिबिनीची गाठ पाहिजे, आणि जागा त्यांच्या उजव्या हाताला. दिली. ससाणा चार तास बसला. पाठ टेकली नाही एवढंच, बाकी सगळ्या पाहुण्यांत शिस्तीचा तोच. आणि आपल्या मंडळाचा कार्यक्रम असला की दीडशे खुर्च्या मागतात, चारशे माणसं येतात, आणि पुढच्या तीन जणांच्या सोफ्यावर सात माजी अध्यक्ष बसतात. त्या सोफ्याचे पाय मी दर वर्षी बदलतो. अध्यक्ष आहेत तेच.

आता रशियनचं. देराला आलो तेव्हा माझी पहिली नोकरी फरच्या कोटांच्या दुकानात होती. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री, आत अस्वलाच्या जाडीचे कोट, आणि ते घ्यायला विमानं भरभरून येणाऱ्या रशियन बाया. एसी इतका, की मी गुहागरचा माणूस, मे महिन्यात स्वेटर घालून कामाला जायचो. तिथे रशियन शिकलो. शिकलो म्हणजे काय, अर्धी मला आधीच येत होती असं निघालं. दोन म्हणजे द्वा, तीन म्हणजे त्री. भावाला ब्रात, दाराला द्वेर, सुनेला स्नोखा, म्हणजे आपली स्नुषा. शंभराला स्तो, आपलं शत. संस्कृत थंडीत कुडकुडत बोललं की रशियन होतं, हा माझा शोध आहे, कुणी पुस्तकात लिहिला असेल तर त्याने माझ्याकडून घेतलाय. पुढे पुढे माझी रशियन अशी झाली, की एका बाईने मला विचारलं, तुम्ही सायबेरियात नक्की कुठल्या गावचे? मी म्हटलं, समुद्राकाठच्या.

तर ऋचा. ऋचा साठे. जन्म दुबईचा, शाळा दुबईची, मराठी समजतं सगळं आणि उत्तर येतं इंग्रजीत. लग्नांच्या व्यवस्थेच्या मोठ्या कंपनीत होती, ती सोडून स्वतःचं काम सुरू केलं. तिचे वडील साठेसाहेब यांचं देरामध्ये माल पाठवण्याचं ऑफिस आहे. साठेसाहेब बोलतात कमी. त्यांनी मुलीला एवढंच सांगितलं होतं, "एक लग्न स्वतःच्या हिमतीवर करून दाखव. मी येऊन बघेन. जमलं तर तुझं तू. नाही जमलं तर सोमवारपासून माझ्या ऑफिसला." ऋचाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा होता, जणू देरा म्हणजे अंदमान.

ते एक लग्न म्हणजे हे. नवरी इव्हा, विमानात काम करणारी, बल्गेरियाची. लग्न वाळवंटात, सूर्य डोंगराआड जायच्या आत अंगठ्या. नवरी सतत आकाशात, म्हणून खालची व्यवस्था तिची मावशी बघणार होती. चाळिशीची, खणखणीत. त्याच या स्तोयांकाबाई.

"काका, तुम्हाला रशियन येतं ना?" ऋचा म्हणाली. "बल्गेरियन इज बेसिकली द सेम, नो?"

"सख्ख्या बहिणी," मी म्हणालो. "तू फुलवाला आणि तंबूवाला बघ. बसण्याचं माझ्यावर सोड. खलास."

देराला खाडीजवळच्या एका कॅफेत आम्ही भेटलो, मी आणि बाई. बाई चांगल्या इंग्रजीत सुरुवात करणार होत्या. "वी नीड," एवढं म्हणाल्यासुद्धा. मी हात वर केला. म्हटलं, नो इंग्लिश, मादाम, रशियन. पाहुण्याला परक्या भाषेत बोलायला लावणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. बाई जरा थांबल्या, मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "स्तो स्तोला. दॅसेत मासी."

स्तो म्हणजे शंभर. स्तोल म्हणजे टेबल, फरच्या दुकानात कोट पसरून दाखवायचो त्या टेबलाला रशियन बाया स्तोलच म्हणायच्या. शंभर टेबलं. शंभर पाहुण्यांना शंभर टेबलं जरा जास्त वाटली, पण मोठ्या लोकांची लग्नं, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल लागत असेल, आपण कोण बोलणार. दॅसेत म्हणजे दहा. आणि मासी? हा शब्द फरच्या दुकानात कधी आला नव्हता. पण ब्रात जर भ्राता असेल, द्वेर जर द्वार असेल, तर मासी म्हणजे मासे, याच्यात शंका घ्यायला जागा कुठे आहे, तुम्हीच सांगा. गुहागरच्या माणसासमोर कुणी मासी म्हटलं तर त्याच्या डोळ्यांसमोर दुसरं काय येणार?

तरीसुद्धा मी खात्री केली. मी कच्चा माणूस नाही. समोरच्या टेबलावर थाप मारून विचारलं, "स्तोल?" बाईंच्या तोंडात तेव्हा लुकैमात होता, खजुराच्या पाकातला गरम गोळा, बोलता येत नव्हतं. त्यांनी मान वर-खाली हलवली. दोनदा. ठसठशीत. याहून पक्की ऑर्डर जगात कुणी दिली नसेल.

तर असे आम्ही मलिहाला उभे. पायाशी दहा हमूर, ट्रकमध्ये शंभर टेबलं, आणि ऋचा वाळूतून सँडल हातात घेऊन पळत येतेय.

"काका, व्हेअर आर द चेअर्स?"

"कुठल्या चेअर्स?"

ऋचाने बाईंना इंग्रजीत विचारलं. बाईंनी इंग्रजीत सांगितलं. दोन वाक्यांत उलगडा. बल्गेरियात स्तोल म्हणजे खुर्ची. रशियात टेबल, पोलंडात टेबल, झेक लोकांत टेबल, अख्ख्या त्या मुलखात हा एक शब्द घरोघर फिरतो आणि सगळीकडे टेबल असतो, फक्त या बाईंच्या गावी येऊन तो खुर्ची होतो. आणि टेबलाला त्यांच्यात म्हणतात मासा. एक मासा, दहा मासी. शंभर खुर्च्या आणि दहा टेबलं, एवढी साधी ऑर्डर होती. चूक माझी नव्हती. मी शब्द बरोबर ऐकला होता. शब्दच चुकीच्या देशात राहत होता.

"काका, यू कन्फर्म्ड, राइट?"

"टेबल बडवून विचारलं. मान हलवली त्यांनी."

"देन हाऊ," ऋचा म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी फोन काढला. हिवाळ्यातला शनिवार, आमच्या सगळ्या खुर्च्या लग्नांना गेलेल्या. गोडाऊनमध्ये उरल्या होत्या मोडके पाय जोडायला ठेवलेल्या वीस. त्या आणायच्या तरी जाऊन येऊन अडीच तास, वर संध्याकाळची ट्रकबंदी. मी ओळखीच्या तिघांना फोन लावले. एक म्हणाला इन्शाल्ला, म्हणजे नाही. दुसरा म्हणाला, हबीबी, उद्या. तिसऱ्याने उचललाच नाही, आणि तो माझा मेव्हणा.

पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. सुटाबुटातले म्हातारे, टाचांचे बूट घातलेल्या बाया, सगळे वाळूतून पाय काढत उभे राहायची जागा शोधत होते. आणि त्यांच्या मागून, एकटे, राखाडी सूट घातलेले साठेसाहेब.

"काका," ऋचा हळूच म्हणाली. या वेळी मराठीत. "बाबा आले."

साठेसाहेबांनी ट्रककडे पाहिलं, पेटीतल्या माशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहून मान लववली. दूर जाऊन तंबूच्या खांबाला टेकून उभे राहिले. कोर्टात आरोपीच्या बापाने उभं राहावं तसे.

मुहैस्नाहच्या कामगार वस्तीतली आमची पोरं मात्र कामाची. वर ओरडा चालला काय आणि आभाळ कोसळलं काय, ट्रक थांबला की उतरवायचं. पाय दुमडलेली टेबलं, पाच-पाचची चळत, चळतीला चळत लावून त्यांनी अर्धा ट्रक रिकामा केलासुद्धा. ऋचा त्यातल्या एका चळतीवर जाऊन बसली. हातांत डोकं. रडली नाही. साठ्यांच्या घरात रडत नाहीत बहुतेक, आतल्या आत हिशेब करतात. मी शेजारी उभा. माझ्याकडे सांगायला गोष्टी शंभर होत्या, पण त्यातली एकही बसायच्या कामाची नव्हती.

तेवढ्यात स्तोयांकाबाई पुढे आल्या. कमरेवर हात. त्यांनी ऋचाकडे पाहिलं, मग ऋचाच्या खाली पाहिलं. बोट रोखलं.

"स्तोल," त्या म्हणाल्या. एकदम साध्या आवाजात.

ऋचाने मान वर केली. खाली पाहिलं. बसल्या बसल्या टाच वाळूवर टेकवून पाहिली, थोडं हललं का ते पाहिलं, चळतीवर हात फिरवला. मग अशी उठली, की मला वाटलं विंचू चावला.

"काका, पाच पुरतात. उंची बरोबर आहे. टेबलक्लॉथ आणलेत?"

"शंभर टेबलांना शंभर टेबलक्लॉथ. माझं काम कच्चं नसतं."

"आणि बांधायला?"

"ट्रकचे पट्टे आहेत."

"दहा टेबलं जेवणाला बाजूला काढा. बाकी सगळी चळत. अर्धगोलात. यल्ला, चला."

ही माझीच कल्पना होती असं मी नंतर बऱ्याच ठिकाणी सांगितलंय, आणि ज्या ठिकाणी सांगितलंय तिथे सांगत राहणार. पण तुम्ही घरचे, तुम्हाला खरं सांगतो, मी फक्त पट्टे आवळले. पण कसे आवळले. ती पाच टेबलं अशी एकजीव केली, की वरून हत्ती गेला असता तरी सरकली नसती. वर पांढरं कापड, कोपरे आत खोचून, खुर्च्यांच्या कव्हराच्या उरलेल्या रिबिनी मधोमध. अठरा बाक उभे राहिले. वाळूवर सपाट, तसूभर रुतायचं नाव नाही. माझ्या त्या नाजूक सोनेरी खुर्च्या आल्या असत्या, तर अर्धं लग्न चांदण्या मोजत बसलं असतं. मला तर आता वाटतं, त्या शब्दाला हे आधीच माहीत होतं.

एक बाक तयार झाल्यावर मी बाईंना बोलावलं. बसवलं. विचारलं, "हराशो?" म्हणजे बरं आहे ना.

बाईंनी मान आडवी हलवली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

ऋचाचा चेहरा उतरला. म्हटलं चला, आवडलं नाही. पोरांना म्हणालो, सोडा पट्टे. दोन पट्टे सुटलेसुद्धा. इतक्यात नवरीची गाडी आली. पांढऱ्या झग्यातली इव्हा, झगा दोन्ही हातांत गोळा करून धावत आमच्याकडे, आणि ऋचाला इंग्रजीत म्हणतेय, थांबा, थांबा, ती हो म्हणतेय. आमच्यात अशी मान म्हणजे हो.

"आणि वर-खाली?" मी विचारलं.

"नाही," इव्हा म्हणाली.

मी खाली बसलो. वाळूतच. कॅफेतला तो लुकैमात माझ्या डोळ्यांसमोर आला. बाई टेबलाकडे बघून मला स्पष्ट सांगत होत्या, हे नाही रे बाबा, हे नाही. दोनदा सांगत होत्या. आपण आयुष्यभर मान अशी आडवी-तिरपी हलवणारी माणसं, जिचा अर्थ हो, नाही, बघू, काय करणार, यातला कुठलाही निघतो. आणि मला सापडली ती एकमेव बाई, जिची मान आपल्याहून उलटी होती.

लग्न झालं. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा अंगठ्या बोटांत होत्या. बाकांवर पाहुणे खांद्याला खांदा लावून बसले होते, सुटी खुर्ची नसल्यामुळे कुणाला कुणापासून लांब सरकता येत नव्हतं, आणि नवरदेवाचे दोन चुलते, जे एकमेकांशी बोलत नव्हते असं मागाहून कळलं, ते एकाच बाकावर अडकले आणि शेवटी एकमेकांच्या ग्लासात ओतायला लागले. मग हातात हात घालून गोल नाच. वाळूत बूट रुततात म्हणून लोक बाकांवर चढून नाचले. मी सांगत नव्हतो का, हत्ती गेला तरी सरकणार नाहीत?

हमूरचं काय करायचं हा प्रश्न होता. चाळीस दिरहम किलोने घेतलेले, म्हणजे आपले नऊशेच्या वर, कंपनीला काय सांगणार होतो मी, भाषेचा खर्च? खानसाहेबांनी न विचारता शेगडी पेटवली. मीठ, लिंबू, लाल तिखट, बाकी काही नाही. वास वाऱ्यावर गेला आणि केटरिंगवाल्याच्या टेबलापुढची रांग वळून खानसाहेबांपुढे आली. स्तोयांकाबाईंनी तीन वेळा घेतला. चौथ्यांदा मी विचारलं, आणखी? त्यांनी मान वर-खाली केली. मी ताट बाजूला घेतलं. भाषा शिकायला मला वेळ लागत नाही.

साठेसाहेब कडेच्या बाकावर बसले होते. मांडीवर कागदी ताटली, ताटलीत मासा. काटे काढून ताटलीच्या कडेला नीट एका ओळीत लावत होते. समोर ऋचा अनवाणी पळत होती, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुणाचातरी कोट, केटरिंगवाल्याला हिंदीत झापत, म्हाताऱ्यांना इंग्रजीत हसवत. साठेसाहेब तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या बघण्यावरून काही कळेल तर शपथ.

मी जाऊन शेजारी टेकलो. माझ्यासारख्याला न बोलता बसणं म्हणजे उपास. शेवटी राहवेना.

"मग साहेब," मी म्हणालो, "सोमवारपासून ऋचा तुमच्या ऑफिसला का?"

साठेसाहेबांनी एक काटा काढला, ओळीत ठेवला.

"ऑफिसात खुर्ची रिकामी नाही," ते म्हणाले.